आंदळकर, गणपतराव

आंदळकर, गणपतराव : (१५ एप्रिल १९३५ – १६ सप्टेंबर २०१८). हेवीवेट गटातील भारतीय मल्ल, हिंदकेसरी (१९६०), जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्ण व रौप्यपदक विजेते (१९६२), टोकियो ऑलिंपिकमधील भारताचे प्रतिनिधी (१९६४) आणि कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद. जन्म सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत या गावी. तांबड्या मातीत तयार झालेला मल्ल मॅटवर, आणि तेही सर्वांत जड गटात, आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक मिळवू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. ते सुवर्णपदक ज्या कुस्तीप्रकारात मिळाले, तो कोल्हापूरच्या तालमीत शिकवला जात नव्हता. त्यांच्या कारकिर्दीतील ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

आंदळकर तरुणपणीच कुस्तीसाठी कोल्हापूरला आले. सांगली-सातारा-बेळगाव पट्ट्यातील अंगापिंडाने थोराड मुलाला घरचे लोक कोल्हापूरच्या तालमीत ‘ठेवत’. तिथे त्याचा खुराक, जोर-बैठका, झोप आणि वागणूक, सगळे वस्तादाच्या नजरेखाली असे. या व्यवस्थेमागे राजर्षी शाहू महाराजांनी दिलेला आश्रय होता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपला गेले होते. रोममधील प्राचीन रंगमंडल पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले, ते १९१२ मध्ये पुरे झाले. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती उतरत्या पायऱ्या अशा या मैदानात तीस हजारांवर माणसे बसतात आणि शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकालाही पाठ लागली की नाही हे दिसते. पंजाबचे नामांकित मल्ल इथे खेळायला येत, त्यामुळे कोल्हापूरच्या पोरांना तोलामोलाची जोड घरबसल्या मिळे. भवानी मंडप परिसरातील मोतीबाग ही याच परंपरेतील तालीम. आंदळकरांची सारी जडणघडण तिथली आणि पुढची वस्तादकीही तिथलीच.

कुस्तीचा हा नकाशा महाराष्ट्रभर सारखा नाही. वऱ्हाडात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाचे मोठे संस्थात्मक काम केले. त्याचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. मात्र मल्लाला वर्षानुवर्षे पोसणारा दरबार त्या भागात नव्हता, आणि जड गटाचा मल्ल घडवणे ही मुळात खर्चिक गोष्ट आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावातल्या मुलाला आंदळकरांसारखी वाट सापडणे कठीण होते. पुनवतच्या मुलाला ती पिढ्यान्‌पिढ्या मळलेली मिळाली. कर्तृत्व आंदळकरांचेच, पण त्याखालची जमीन शाहू महाराजांनी तयार केलेली होती.

हिंदकेसरी ही स्पर्धा तेव्हा नवी होती. १९५९ चा पहिला किताब श्रीपती खंचनाळे यांनी जिंकला. ते चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे, म्हणजे सीमाभागातले, पण तयार झाले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. दुसऱ्याच वर्षी, १९६० मध्ये, आंदळकर हिंदकेसरी झाले. देशाचा हा मानाचा किताब लागोपाठ दोन वर्षे एकाच शहरातील दोन तालमींकडे आला. राज्य पातळीवरील ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली लढत १९६१ मध्ये झाली आणि पहिले मानकरी सांगलीचे दिनकर दह्यारी ठरले. महाराष्ट्र केसरी न होता थेट हिंदकेसरी झालेला मल्ल म्हणून आंदळकरांचा उल्लेख होतो, तेव्हा हा कालक्रम ध्यानात ठेवावा. त्यांनी हिंदकेसरीची गदा पटकावली त्या वर्षी राज्याची ही स्पर्धाच अस्तित्वात नव्हती.

जाकार्ता येथे १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरलेली चौथी आशियाई क्रीडास्पर्धा ही आंदळकरांच्या कारकिर्दीची सर्वोच्च पायरी. हेवीवेट म्हणजे तेव्हा ९७ किलोच्या पुढचा, वरची मर्यादा नसलेला गट. आंदळकर या गटात दोन्ही शैलींत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक मिळाले. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठे पिरानचे मारुती माने यांनी ९७ किलो फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकले आणि भारताचे कुस्तीतील आणखी एक सुवर्ण कमी वजनाच्या गटात मालवा यांनी मिळवले. म्हणजे तीनपैकी दोन सुवर्णपदके एकट्या सांगली जिल्ह्यात आली आणि दोन्ही जड गटांतली होती.

ग्रीको-रोमनमधील या पदकाचे मोल कळण्यासाठी नियम पाहावे लागतात. या शैलीत कमरेखाली पकड घालता येत नाही आणि पायाचा डावासाठी उपयोग करता येत नाही. पट काढणे, आकडी लावणे, टांग मारणे, एकलंगी भरणे, म्हणजे मातीतल्या मल्लाची निम्मी विद्या, इथे पहिल्या क्षणीच बाद होते. उरतात ते कमरेवरचे डाव : कव घालून उचलणे, हात ओढून पाठीवर घेणे, मान दाबून प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे. शिवाय पायाखाली माती नाही. हौद्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, घामेजलेल्या अंगाला मातीमुळे पकड मिळते आणि कुस्ती निकाली होईपर्यंत तासभरही चालू शकते. मॅटवर पायात बूट असतात, वेळ ठरलेला असतो, गुण मोजले जातात आणि पाठ न लागताही माणूस हरतो. त्या काळी मॅट ही तालमीच्या रोजच्या सरावाची वस्तू नव्हती.

अशा स्थितीत फ्रीस्टाइलपेक्षा वरचे पदक ग्रीको-रोमनमध्ये कसे मिळाले, याचे एक उत्तर जड मल्लांच्या मातीतील कुस्तीतच असावे. शंभर किलोंच्या आसपासचे दोन मल्ल पटासाठी सहसा झेप घेत नाहीत. ते प्रदीर्घ खडाखडी करतात, मानेवर हात टाकतात, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांचा जोर आजमावतात. ही वरच्या अंगाची झुंज म्हणजे ग्रीको-रोमनची अर्धी तयारीच. हलक्या वजनाच्या चपळ मल्लाला मातीकडून ही देणगी मिळत नाही. भारतीय कुस्तीला मात्र या शैलीची गोडी पुढे फारशी लागली नाही. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुनील कुमार यांनी ८७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये भारताला आशियाई क्रीडास्पर्धेत पदक मिळण्याची ती तेरा वर्षांतील पहिलीच वेळ होती.

जाकार्तातील वातावरण भारतीय खेळाडूंसाठी सुखाचे नव्हते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर आशियाई क्रीडा चळवळीचे एक संस्थापक, भारताचे जी. डी. सोंधी यांनी या खेळांच्या अधिकृत दर्जाबद्दलच प्रश्न उपस्थित केला. त्यामुळे संतप्त जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवले, तेही प्रेक्षकांच्या हेटाळणीला तोंड देत. या स्पर्धेच्या आठवणी भारतात फुटबॉलच्या सुवर्णपदकाभोवतीच फिरतात आणि हेवीवेट मल्लाची दोन पदके त्यांच्या सावलीत राहतात.

ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्येही आंदळकर दोन्ही शैलींच्या हेवीवेट गटांत लढले, परंतु पदक मिळाले नाही. समोरची मंडळी आपापल्या परीने त्या काळातील अव्वल होती. फ्रीस्टाइलमध्ये सोव्हिएत संघाचे अलेक्सांद्र इवानित्स्की विजेते ठरले आणि तुर्कस्तानचे हमित कप्लान तिसरे आले. ग्रीको-रोमनमध्ये सुमारे दोन मीटर उंचीचे हंगेरियन मल्ल इश्त्वान कोझ्मा यांनी सुवर्ण जिंकले, ते त्यांनी १९६८ मध्येही राखले. कांस्य मिळालेल्या जर्मनीच्या विल्फ्रीड डीट्रिश यांच्या नावावर पुढे एकूण पाच ऑलिंपिक पदके जमा झाली. तेव्हाची बाद पद्धत उणे गुणांची होती. चितपट हरल्यास चार, गुणांवर हरल्यास तीन, बरोबरी झाल्यास दोन आणि गुणांवर जिंकले तरी एक उणे गुण पडे. चितपट विजयाला मात्र काहीच नाही. सहा उणे गुण झाले की मल्ल बाहेर. निकाली कुस्तीवर वाढलेल्या मल्लाला चितपटीचा हा मान मनापासून पटण्याजोगा होता, पण तो मिळवण्यासाठी हाताशी मोजकीच मिनिटे असत.

ऑलिंपिक पदकाचा विषय निघाला की खाशाबा जाधवांशी तुलना होते, आणि ती दोघांवरही अन्याय करते. जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात. त्यांची चपळाई आणि आंदळकरांची ताकद यांची बरोबरी लावण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट लोकमानसाची आहे. खासबागेत गर्दी खेचत असे तो भारी मल्ल. गदा, फेटा, हलगीच्या तालावरची मिरवणूक त्याच्या वाट्याला येत असे. जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आंदळकरांना तो खेळाडू म्हणून ऐन उमेदीच्या काळात मिळाला.

मैदानातून निवृत्त झाल्यावर आंदळकर मोतीबागेचे वस्ताद झाले आणि कोल्हापूरच्या तालीम संघाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. त्यांच्या शिष्यांत अग्रभागी नाव दादू चौगुले यांचे. राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याच्या चौगुले यांनी १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत १०० किलोवरील गटात त्यांनी रौप्यपदक मिळवले. गुरू आणि शिष्य दोघांनीही सर्वांत जड गटात देशाबाहेर पदक मिळवावे, असा योग महाराष्ट्राच्या कुस्तीत विरळाच. चौगुले यांचे पुत्र विनोद हेही पुढे महाराष्ट्र केसरी झाले. वस्ताद म्हणून आंदळकरांचे काम पदकांच्या यादीत पूर्ण मावत नाही. वस्तादकी ही पहाटेची नोकरी आहे आणि तिचा हिशेब कोणत्याही संघटनेच्या दप्तरात नसतो.

हेवीवेट गटाचे स्वरूप आंदळकरांनंतर पालटले. १९६९ पासून सीमारेषा १०० किलोंवर गेली. १९८५ मध्ये वरची मर्यादा १३० किलो ठरली, म्हणजे अमर्याद वजनाचा मल्ल कायमचा बाद झाला. पुढे फ्रीस्टाइलमध्ये ही मर्यादा १२० व मग १२५ किलो झाली. हेवीवेटच्या नावाने आज तरुणांना अधिक ओळखीच्या झालेल्या मिश्र मार्शल आर्ट्समध्ये हा गट ९३ ते सुमारे १२० किलोंचा असतो. महाराष्ट्रातील जड मल्ल अजून त्या पिंजऱ्यातल्या खेळाकडे फारसा वळलेला नाही. त्याचे लक्ष अद्याप गदेकडेच आहे, आणि गावोगावच्या मैदानांतील इनामे पाहता ते व्यवहारालाही धरून आहे. आंदळकरांच्या पिढीतही दारासिंग आणि किंगकाँग यांच्या तिकिटाच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांचा झगमगाट होता. आंदळकरांचे नाव राहिले ते हौदा आणि मॅट या दोन ठिकाणी.

अर्जुन पुरस्काराखेरीज महाराष्ट्र शासनाच्या शिवछत्रपती पुरस्कारानेही ते सन्मानित झाले होते. पुणे येथे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य दादू चौगुले २० ऑक्टोबर २०१९ रोजी आणि आंदळकरांच्या आधीचे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे १४ डिसेंबर २०२० रोजी निवर्तले.