कित्तूरचं एक्स्चेंज आणि भारतनेटची केबल

आजच्या भागात लढाई नाही. आज खंदकांची गोष्ट आहे, पण केबलच्या.

मी बंगळुरूत राहतो. इथल्या दूरवाणीनगरात 1948 साली आयटीआय हा सरकारी टेलिफोन कारखाना उभा राहिला. तरी पुढची कित्येक वर्षं खेड्यात फोन दुर्मीळच होता. मग 1984 मध्ये दिल्ली आणि बंगळुरूत सी-डॉटचं काम सुरू झालं. सॅम पित्रोदा, मीमांसी, पिटके यांच्या मागे तरुण इंजिनियरांची फौज होती. मुदत 36 महिने, पैसे 36 कोटी. 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला त्यांचं 128 लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बसलं. त्याला एअर कंडिशनर लागत नव्हता. आपली धूळ आणि आपलं ऊन गृहीत धरूनच ते बनवलं होतं.

आता 2011 कडे या. 25 ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तालुक्यापर्यंत बीएसएनएल, रेलटेल, पॉवरग्रिड यांची केबल होतीच. तिथून पंचायतीपर्यंतची तूट भरायची होती. एकाच फायबरमधून अनेक पंचायतींना फाटे देणारं जीपॉन तंत्र पुन्हा सी-डॉटनेच तयार केलं. 2015 पासून योजनेला भारतनेट म्हणू लागले.

मुदत दोन वर्षांची होती. पण पहिल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. खोदाईच्या परवानग्या अडल्या. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली. पंचायतीत वीज नाही, तर कुठे यंत्राच्या खोलीला कुलूप. कागदावर मात्र पंचायत ‘सर्व्हिस रेडी’!

फौजी नजरेने बघा. पहिल्या टप्प्यात केबल बहुतेक सरळ रेषेत टाकली होती. एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. सिग्नलचा साधा जवानही सांगेल, की एकाच लाइनवर भिस्त ठेवू नये, दुसरा मार्ग हवा. ऑगस्ट 2023 मध्ये 1.39 लाख कोटींची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात रिंग पद्धत आणि देखभालीची तरतूद आली. बारा वर्षांनी का होईना, आली.

इतिहास एवढंच सांगतो: कित्तूरला यश मोजलं ते फोन लागला का यावरून. भारतनेटमध्ये किती किलोमीटर केबल पुरली ते मोजत बसलो. पुरलेली केबल म्हणजे पोहोचलेली सेवा नव्हे.

तुमच्या ग्रामपंचायतीत ते यंत्र आहे का? त्याचा दिवा लागलेला आहे का? एकदा जाऊन बघा आणि ग्रामसभेत विचारा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!