दिवाणखान्यातील सॅव्हॉय : गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या सुखात्म संगीतिकांचे चित्रमुद्रण आणि नाट्येतिहास

प्रास्ताविक

नाट्यप्रयोग पडद्याबरोबर संपतो; संहिता, छायाचित्रे, वृत्तपत्रीय परीक्षणे आणि आठवणी तेवढ्या मागे उरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनांत चित्रमुद्रणाची भर पडली. प्रयोग आता घरबसल्या पाहता येऊ लागला. तथापि, घरी पाहण्यासाठी मुद्रित झालेला प्रयोग हा मूळ प्रयोगाचा निर्विकार पुरावा मानता येईल काय, हा प्रश्न नाट्येतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. प्रस्तुत निबंधात डब्ल्यू. एस. गिल्बर्ट (१८३६–१९११) व आर्थर सलिव्हन (१८४२–१९००) यांच्या सुखात्म संगीतिकांच्या चित्रमुद्रणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. चित्रमुद्रणाने प्रयोग जतन केला त्याचबरोबर त्याची निवड व पुनर्रचनाही केली. म्हणून प्रत्येक मुद्रण त्याच्या निर्मितीच्या काळाचा दस्तऐवज म्हणूनच वाचले पाहिजे, हे येथील प्रतिपादन आहे.

परंपरा आणि तिचे रक्षण

‘ट्रायल बाय ज्युरी’ (१८७५) पासून गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या यशामागे रिचर्ड डॉयली कार्ट हा चतुर निर्माता उभा होता. त्याने बांधलेले लंडनमधील सॅव्हॉय नाट्यगृह १० ऑक्टोबर १८८१ रोजी सुरू झाले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती जगातील पहिली सार्वजनिक वास्तू होय. या नाट्यगृहावरूनच या कृतींना ‘सॅव्हॉय संगीतिका’ हे नाव पडले. ‘द मिकाडो’चे (१४ मार्च १८८५) पहिल्याच फेरीत ६७२ प्रयोग झाले.

गिल्बर्ट स्वतः कठोर दिग्दर्शक होता. नटाची प्रत्येक हालचाल तो ठरवून देई. त्याच्या सूचना प्रयोगाच्या संहितांत टिपल्या गेल्या आणि डॉयली कार्ट कुटुंबाने त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. गिल्बर्टच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क १९६१ च्या अखेरीस संपुष्टात येईपर्यंत ब्रिटनमधील व्यावसायिक प्रयोगांवर या मंडळीची मक्तेदारी होती. त्यामुळे परंपरा टिकली, पण ती साचेबद्धही होत गेली.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ‘घर’ आणि ही संगीतिका यांचा संबंध चित्रफितीने प्रथम जोडला असे नाही. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घरांत पियानोसाठी छापलेल्या स्वरलिप्यांवरून ही गाणी गायिली जात. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका आल्या व घर गाणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचे झाले. चित्रफितीने ते पाहणाऱ्याचे केले. सहभागाकडून श्रवणाकडे व श्रवणाकडून दर्शनाकडे झालेला हा प्रवास केवळ तंत्राचा नव्हे, तर प्रेक्षकाच्या भूमिकेतील बदलाचा इतिहास आहे.

१९६६ चा ‘मिकाडो’

डॉयली कार्ट मंडळीच्या पूर्ण प्रयोगांची चित्रमुद्रणे फारच थोडी आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे १९६६ मध्ये चित्रित होऊन १९६७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द मिकाडो’. दिग्दर्शक स्टुअर्ट बर्ज यांनी त्याआधी लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा रंगमंचीय ‘ऑथेल्लो’ (१९६५) पडद्यावर आणला होता. लंडनमधील गोल्डर्स ग्रीन हिप्पोड्रोम या नाट्यगृहात मंडळीच्या नटसंचासह हे चित्रीकरण झाले. को-कोच्या भूमिकेत जॉन रीड, मिकाडोच्या भूमिकेत डोनाल्ड अॅडम्स आणि यम-यमच्या भूमिकेत व्हॅलरी मास्टरसन आहेत.

हा चित्रपट पाहताना एक उणीव सतत जाणवते : प्रेक्षकांचे हसू नाही. विनोदी नट हशाची वाट पाहतो, हशा ओसरू लागताच पुढचे वाक्य टाकतो आणि एखाद्या गाण्याला ‘वन्समोअर’ मिळाला तर त्यात नवी गंमत भरतो. रिकाम्या नाट्यगृहात कॅमेऱ्यापुढे तीच वाक्ये व त्याच हालचाली झाल्या, परंतु विनोदाची लय ज्या देवघेवीतून घडते ती देवघेव हरपली. हालचालींचा पुरावा म्हणून हा चित्रपट मोलाचा आहे. विनोदाच्या परिणामाचा पुरावा म्हणून तो अपुरा आहे. १९७३ मध्ये याच मंडळीच्या ‘एच.एम.एस. पिनाफोर’चे दूरचित्रवाणीसाठी मुद्रण झाले.

१९८२ : एक शेवट, एक प्रारंभ

वाढता खर्च व शासकीय कला परिषदेने नाकारलेले अनुदान यांमुळे २७ फेब्रुवारी १९८२ रोजी डॉयली कार्ट मंडळीने अखेरचा प्रयोग केला. १९८८ मध्ये ती नव्या रूपात पुन्हा उभी राहिली खरी, पण शंभर वर्षांची अखंड परंपरा खंडित झाली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्रेंट वॉकर या संस्थेने १२ संगीतिकांची मालिका दूरचित्रवाणी व व्हिडिओ कॅसेट यांसाठी चित्रित केली. अलेक्झांडर फॅरिस यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वादन केले. गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या अखेरच्या दोन कृती, ‘युटोपिया लिमिटेड’ व ‘द ग्रँड ड्यूक’, मालिकेतून वगळण्यात आल्या.

या मालिकेत व्हिन्सेंट प्राइस, फ्रँकी हॉवर्ड, जोएल ग्रे अशा प्रसिद्ध नटांची योजना केली गेली. यामागे आंतरराष्ट्रीय बाजारपेठेचा विचार उघड दिसतो. दूरचित्रवाणीच्या वेळेच्या चौकटीत बसावे म्हणून संहितेस कात्रीही लागली. परिणाम दूरगामी झाला. जुन्या मंडळीचा प्रयोग ज्यांनी कधी पाहिला नाही, त्या पिढीसाठी या कॅसेटी म्हणजेच ‘सॅव्हॉय परंपरा’ ठरू शकत होत्या. वस्तुतः ज्या संस्थेने परंपरा सांभाळली तिची ही निर्मितीच नव्हती. जे सहज उपलब्ध असते ते प्रमाण मानले जाते, हा धोका येथे स्पष्ट होतो.

चाचेगिरी : संगीतिकेतील आणि बाजारातील

१८७८ मध्ये ‘पिनाफोर’ लंडनमध्ये गाजताच अमेरिकेत तिचे कितीतरी अनधिकृत प्रयोग झाले, कारण परदेशी लेखकांना तेथे कायद्याचे संरक्षण नव्हते. म्हणूनच ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’चा पहिला रीतसर प्रयोग ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये करण्यात आला. ब्रिटनमधील हक्क राखण्यासाठी आदल्या दिवशी पेन्टन येथे नाममात्र प्रयोग उरकला होता.

शंभर वर्षांनी याच कृतीभोवती नवा वाद उभा राहिला. जोसेफ पॅप यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये केलेली तिची निर्मिती ब्रॉडवेवर गाजली. तिच्यावर आधारित चित्रपट फेब्रुवारी १९८३ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने चित्रपटगृहांत आणि सशुल्क दूरचित्रवाणीवर एकाच वेळी प्रदर्शित केला. घरी बसलेला प्रेक्षक आपला ग्राहक हिरावून घेईल या भीतीने अनेक चित्रपटगृहमालकांनी चित्रपट लावण्यास नकार दिला. याच कंपनीने घरगुती मुद्रणयंत्राविरुद्ध सोनी कंपनीवर दावा लावला होता. नंतर सोयीनुसार पाहण्यासाठी घरी कार्यक्रम मुद्रित करणे कायदेशीर आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. घर हे प्रेक्षागृह ठरते तेव्हा हक्क कोणाचा, हा १८७९ चा प्रश्नच नव्या रूपात पुढे आला होता.

सेंट्रल पार्कमधील प्रयोगाचे मुद्रणही पुढे डीव्हीडीवर आले. त्यात प्रेक्षकांचा हशा व टाळ्या आहेत. चित्रपटात त्या नाहीत. एकाच निर्मितीची ही दोन मुद्रणे शेजारी ठेवून पाहिल्यास वर मांडलेला लयीचा मुद्दा पडताळता येतो.

गोठलेला काळ

‘मिकाडो’मधील को-कोच्या यादीच्या गाण्यात समकालीन संदर्भ घालण्याची प्रथा आहे. जोनाथन मिलर यांच्या १९८६ च्या इंग्लिश नॅशनल ऑपेराच्या निर्मितीत एरिक आयडल यांनी तसेच केले. प्रयोगात ताजा वाटणारा टोमणा चित्रफितीत मात्र त्या वर्षापुरता गोठतो. मिलर यांनी जपान वगळून कथानक इंग्लंडमधील समुद्रकाठच्या हॉटेलात आणले. उलट १९६६ च्या चित्रपटात इंग्रज नट जपानी वेशभूषा व रंगभूषा करून वावरतात. अशा चित्रणावरील आक्षेपांमुळे २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मंडळीला ‘मिकाडो’चे नियोजित प्रयोग रद्द करावे लागले. ही दोन मुद्रणे त्या त्या काळातील ब्रिटिश समाजाच्या दृष्टीचाही पुरावा देतात.

निष्कर्ष

मराठी अभ्यासकास या चर्चेचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटावे. सॅव्हॉय उघडण्यापूर्वी जेमतेम एक वर्ष, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. परंतु आपल्या संगीत रंगभूमीच्या वैभवकाळातील पदे ध्वनिमुद्रिकांवर राहिली आणि अभिनय बहुतांशी आठवणींत विरला. बालगंधर्वांची ख्याती ज्या स्त्रीभूमिकांवर उभी होती, त्यांचा अभ्यास मुख्यतः ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे व आठवणी यांवरच करावा लागतो. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात ते एकनाथांच्या पुरुषभूमिकेत दिसतात. चित्रमुद्रण नसणे ही हानी आहेच. मात्र वरील उदाहरणे सांगतात की, ते असते तरी काय कापले गेले, कोण वगळले गेले, हशा होता की नव्हता आणि बाजार कोणाचा होता, हे प्रश्न विचारावेच लागले असते. आज संगीत नाटकांचे प्रयोग मुद्रित करणाऱ्या संस्थांनी प्रेक्षकांसह, संहितेस कात्री न लावता आणि दिनांक-स्थळाच्या नोंदीसह मुद्रण केल्यास पुढील अभ्यासकांना या प्रश्नांची उत्तरे शोधणे सुकर होईल.