अवेळी फुललेला भुईचाफा

माघ अद्याप लागावयाचा होता. नुंगंबाक्कममधील आमच्या सरकारी निवासाच्या गच्चीत एक कुंडी आहे. दोन वर्षांपूर्वी कोकणातील घरून आणलेला भुईचाफ्याचा कंद तीत पुरलेला आहे. एके सकाळी पाहतो तो कोरड्या मातीतून पांढरी-जांभळी फुले वर आलेली! भुईचाफ्याची रीतच अशी की, पान नाही, दांडा नाही, आधी फूल, पाने मागाहून. शेजारचे वृद्ध तमिळ गृहस्थ कौतुकाने कुंडीजवळ आले आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न केला, "हे फूल एरवी केव्हा येते?"

मला उत्तर देता आले नाही. ते लवकर आले एवढे मात्र मी ठामपणे म्हणत होतो. दुपारी गावी फोन करून थोरल्या वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "शिमगा आटोपला की येतात हो. पण गुढी उभारायच्या आधी की नंतर, ते काही नीट आठवत नाही. सासूबाई असत्या तर सांगितलं असतं त्यांनी." सासूबाई, म्हणजे माझी आई, आता नाही. तिच्याबरोबर ती तारीखही गेली.

यंदाचा हिवाळा सौम्य होता, असे सर्वजण म्हणतात. मद्रासच्या हिवाळ्याला हिवाळा म्हणावे काय, अशी शंका पुण्या-नागपूरकडील वाचकांस येईल. येथे जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी २० ते २१ अंशांच्या आसपास असते. तरीही मार्गळी महिन्यातील पहाटे माकडटोपी चढवून फिरावयास निघणारी मंडळी येथे दिसतातच. नुंगंबाक्कम येथे नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान १३.९ अंश, ते ११ डिसेंबर १८९५ रोजी आणि पुन्हा २९ जानेवारी १९०५ रोजी आढळले. म्हणजे येथील थंडीची सीमाही आपल्याकडील गुलाबी थंडीच्या अलीकडेच संपते.

थंड देशांतील कंदांचा व्यवहार निराळा. ट्यूलिप किंवा नार्सिससच्या कंदास जमिनीखाली कित्येक आठवडे गारठा सोसावा लागतो. तो पुरेसा झाला की मग उबेच्या हाकेस तो ओ देतो. हिवाळा सौम्य गेला तर स्नोड्रॉपसारखी फुले वेळेआधीच डोके वर काढतात. उलट, गारठा फारच अपुरा पडला तर ट्यूलिपचा बहर बिघडतो. आपल्याकडील कंदांना गारठ्याचे हे बंधन नाही. कोरड्या विश्रांतीचे दिवस, वाढती ऊब आणि पाणी यांवर त्यांचा हिशेब चालतो. रात्री उबदार राहिल्या, कुंडीला चार दिवस अधिक पाणी मिळाले, तर भुईचाफ्याने लवकर जागे व्हावे यात नवल नाही.

परंतु "लवकर" हा शब्द उच्चारण्यासाठी "एरवी" ठाऊक असावे लागते, आणि "एरवी" हे कोणीतरी वर्षानुवर्षे लिहून ठेवल्यावाचून सिद्ध होत नाही. योगायोग असा की, हिंदुस्थानात हे काम ज्या ठिकाणी फार लवकर आणि फार चिकाटीने झाले, ते ठिकाण आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आयकर भवन किंवा शास्त्री भवन येथे ज्यांची नेमणूक झाली, त्यांपैकी अनेकजण कॉलेज रोडवरील हवामान केंद्राच्या फाटकावरून नित्य गेले असतील. त्याच आवारात जुन्या मद्रास वेधशाळेचा दगडी स्तंभ उभा आहे.

या वेधशाळेचा आरंभ १७८६ साली विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने एग्मोर येथे खासगी हौसेने केला. पुढे ती कंपनी सरकारकडे आली आणि मायकेल टॉपिंग याच्या योजनेप्रमाणे १७९२ साली नुंगंबाक्कममध्ये तिची इमारत उभी राहिली. याच टॉपिंगच्या खटपटीने १७९४ साली येथे भूमापनाची शाळा निघाली. गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय हा तिचाच विस्तार होय. स्तंभावर अनेक भाषांत लेख कोरलेला आहे. गणितविद्या आशियात प्रथम केव्हा रुजविली गेली हे हजार वर्षांनंतरच्या लोकांस कळावे, असा तो स्तंभ उभारण्याचा हेतू. "प्रथम" हा शब्द अर्थातच खरा नव्हे. सवाई जयसिंगाची दिल्ली, जयपूर, उज्जयिनी येथील यंत्रे त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ उभी होती. आणि आर्यभट-भास्कराचार्यांचे नाव तर येथे घ्यावयासही नको. तथापि गर्वोक्ती वजा केली तरी जे उरते ते थोडेथोडके नाही.

१७९६ पासून येथे हवेची दैनंदिन नोंद ठेवण्यात येऊ लागली, आणि १८१३ पासून पावसाचीही. त्याहीपूर्वी विल्यम रॉक्सबर्ग याने सेंट जॉर्ज किल्ल्यावर हवामानाची रोजनिशी ठेवली होती. ती १७७८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापली. हाच रॉक्सबर्ग पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख आणि आपल्या वनस्पतिशास्त्राचा एक आद्य ग्रंथकार झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पारा आणि पाकळी या दोहोंकडे एकाच माणसाची नजर होती. पुढे मात्र ती दोन खाती निराळी झाली.

वेधशाळेची कीर्ती झाली ती ताऱ्यांमुळे. १८६१ साली पॉगसन याने येथून एक लघुग्रह शोधला व त्यास "एशिया" असे नाव दिले. १८६७ साली तेथीलच सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. १८७२ साली ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १८९९ साली खगोलाचे काम कोडाईकनालला गेले. हवामानाची नोंद मात्र नुंगंबाक्कममध्येच राहिली. साहेब आले, गेले, निवृत्त झाले, काही येथेच वारले. ठराविक वेळी तापमापकाशी जाऊन आकडा लिहिणारा सहायक मात्र कोणीतरी होताच. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. आकडा आहे.

आमच्या महाराष्ट्रातही ही परंपरा होती. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तेथेच वेध घेण्याचे काम करीत. पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुढे जन्मभर धरला. तिकडे मद्रासेत रघुनाथाचारीही तोच आग्रह धरून दृग्गणित पंचांग काढीत होते. दोन प्रांतांतील या दोघांचे दुखणे एकच होते: लिहिलेले एक आणि दिसते भलतेच.

भुईचाफ्याच्या प्रश्नाशी या वादाचा संबंध जवळचा आहे. आपले निरयन वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, ते याचमुळे. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोघे महाराष्ट्रीय होते. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून जी शक तारीख राजपत्रावर छापली जाते, तिच्यातील चैत्र वसंतसंपाताला बांधलेला आहे. ती तारीख आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो.

तेव्हा आकाशाची नोंद झाली, पाऱ्याची झाली, पावसाची झाली. फुलांची? इंग्लंडात नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम याने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपावयास प्रारंभ केला. पहिला स्नोड्रॉप केव्हा, पहिली कोकिळा केव्हा, अशा २७ खुणा. त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालविले. जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून राजदरबारी व इतर रोजनिश्यांतून सापडतात. म्हणूनच २०२१ साली २६ मार्च रोजी तेथील झाडे पूर्ण बहरली तेव्हा, बाराशे वर्षांत इतक्या लवकर असे घडले नव्हते, असे अभ्यासक छातीठोकपणे म्हणू शकले. पृथ्वीची ऊब वाढत आहे याची साक्ष अशा वह्यांनी दिली. आपल्याकडे वसंतावर काव्य विपुल. वसंताची वही मात्र बहुधा आजीच्या डोक्यात असे, आणि ती आजीबरोबर जाई.

बदलीच्या नोकरीत मी आजवर पाच बंगले बदलले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी लावलेले झाड मला मिळाले आणि मी लावलेले झाड मागे राहिले. कोणते केव्हा फुलले, एकदाही लिहिले नाही. आपले काय येथे, तीन वर्षांचे पाहुणे, अशी समजूत. पण नुंगंबाक्कमच्या त्या रजिस्टरात आकडे लिहिणारे कितीतरी जण असेच बदलीवर आलेले पाहुणे होते. पाहुण्यांनीच ती सव्वादोनशे वर्षे सांभाळली.

त्या दिवशी संध्याकाळी मी एक साधी वही घेतली. पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत "भुईचाफा, तीन फुले, पाने नाहीत", आणि शेजारी वृत्तपत्रातून उतरलेले नुंगंबाक्कमचे किमान तापमान. एका ओळीने काहीच सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. यंदाचे फूल लवकर आले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. वही कुंडीजवळच्या कपाटात ठेवली आहे. बदलीचा हुकूम येईल तेव्हा कुंडी आणि वही दोन्ही येथेच ठेवून जाईन. पुढे येणाऱ्याने दुसरी ओळ लिहावी, एवढीच विनंती आत लिहिली आहे.