सहावी तार : साधी की वेढ्याची?

तारेच्या कंपनांचे नियम शिकवून झाले की वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. समजा, दोन पोलादी तारा आहेत. लांबी सारखी, पण एक बारीक आणि दुसरी दुप्पट जाड. दोन्ही एकाच स्वरात लावल्या आहेत. आता दोन्हींचा स्वर अर्ध्या स्वराने चढवायचा आहे. त्यासाठी कोणत्या तारेचे टोक जास्त सरकवावे लागेल?

बहुतेक मुले 'जाड तारेचे' म्हणतात. आम्हीही बराच काळ तसेच समजत होतो. पण उत्तर वेगळे आहे : दोन्ही टोके सारखीच सरकवावी लागतात. पेडल स्टील गिटार नावाच्या अमेरिकन वाद्याच्या वादकांना ही गोष्ट पुस्तकातून नव्हे, पायाने कळते. या वाद्याची सहावी तार साधी असावी की वेढे दिलेली, यावर त्यांच्यात जुना मतभेद आहे. या मतभेदाच्या मुळाशी सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

फ्रान्समधील मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली तारेचे नियम मांडले. तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. याचा अर्थ, आखूड वाद्यावर खालचा स्वर हवा असेल तर तार जड केली पाहिजे. त्या काळी तारा आतड्याच्या असत. जाड आतडे ताठर होते आणि त्याचा आवाज बद्द येतो. यावर कोणा कारागिराने तोडगा काढला : गाभा बारीकच ठेवायचा आणि त्यावर धातूच्या तारेचे वेढे द्यायचे. वजन वेढ्यांनी वाढते, पण गाभ्याचा लवचीकपणा टिकतो. लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६६४ साली छापलेल्या संगीताच्या पुस्तकात अशा तारांचा नवा शोध म्हणून उल्लेख आहे.

पुढे गाभाही पोलादाचा झाला. गिटारमध्ये वरच्या स्वरांच्या तारा साध्या आणि खालच्या वेढ्यांच्या, अशी वाटणी रूढ झाली. तारेकडून तोवर एकच अपेक्षा होती. एकदा लावलेला स्वर तिने धरून ठेवायचा.

ही अपेक्षा बदलली ती विसाव्या शतकात. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या तरुणाने १८८०च्या दशकाच्या अखेरीस गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी तुकडा सरकवण्याची पद्धत रुजवली. तिच्यातूनच 'स्टील गिटार' हे नाव आले. १९३०च्या दशकात ती विजेवर वाजू लागली. पण एकच सरळ तुकडा सगळ्या तारांवर ठेवायचा म्हटले की स्वरमेळ बदलायला वाव राहत नाही. म्हणून काही कारागिरांनी तारा ओढण्यासाठी पायपट्ट्या, म्हणजे पेडल, बसवले. गिब्सन कंपनीचे 'इलेक्ट्राहार्प' १९४०च्या सुमारास आले. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी असे वाद्य घडवले. आरंभी पेडल मुख्यतः एका मेळातून दुसऱ्यात जाण्यासाठी होते. १९५४ साली वेब पीअर्स यांचे 'स्लोली' हे गाणे गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबला आणि स्वर ऐकणाऱ्याच्या कानासमोर वर चढला. सतारीवर तार आडवी ओढून मींड घेतात, तेच काम इथे पायाने झाले. तारेने आता स्वर नुसता धरायचा नव्हता, तर मोजून हलवायचा होता.

आज या वाद्याच्या प्रचलित दहा तारांच्या जुळणीत तिसरी आणि सहावी तार एकाच स्वराच्या आहेत : जी शार्प. सहावी तिसरीच्या एक सप्तक खाली असते. पाचवी तार साधी, सातवी वेढ्यांची. सहावी बरोबर सीमेवर. तिथे ०.०२० इंच जाडीची साधी किंवा ०.०२२ इंचाची वेढ्यांची, अशा दोन्ही तारा वापरतात.

आता आकडेमोड करू. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर. सहाव्या तारेची वारंवारता सेकंदाला सुमारे २०८. साध्या तारेचे छेद-क्षेत्रफळ दुप्पट केले तर वस्तुमान दुप्पट होते आणि त्याच स्वरासाठी ताणही दुप्पट लागतो. पण हा ताण दुप्पट क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणून प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरचा ताण, तेवढेच राहते. इथे ते सुमारे ५०० न्यूटन भरते. पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे दोन लाख न्यूटन आहे. त्यावरून हिशेब केला तर तार मूळच्या लांबीहून दीड मिलिमीटर ताणलेली आहे. अर्धा स्वर चढवायला वारंवारता सहा टक्के वाढवायची, म्हणजे ताण बारा टक्के. दीड मिलिमीटरचे बारा टक्के म्हणजे जेमतेम ०.१८ मिलिमीटर. या हिशेबात जाडी कुठेच उरली नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

वेढ्यांच्या तारेत मात्र वेढे वजन देतात, पण ताण पेलत नाहीत. समजा, वेढ्यांचे वजन गाभ्याच्या दुप्पट आहे. मग एकूण वजन गाभ्याच्या तिप्पट, आणि तेवढ्या वजनासाठी लागणारा सगळा ताण एकट्या गाभ्यावर. प्रतिबल तिप्पट, लांबणे तिप्पट. अर्धा स्वर चढवायला आता सुमारे ०.५५ मिलिमीटर लागतात. काही वादक याच तारेचा स्वर गुडघ्याने चालणाऱ्या दांड्याने पूर्ण एक स्वर उतरवतात. त्याला साध्या तारेत ०.३ मिलिमीटर पुरतात, वेढ्यांच्या तारेत जवळजवळ ०.९ लागतात. काही वाद्यांची यंत्रणा तेवढी सरकतच नाही.

मग सर्वांनी साधीच तार का लावू नये? कारण जी तार थोड्या हालचालीने चढते, ती थोड्या हालचालीने बिघडतेही. पेडल दाबून एका तारेवरचा ताण वाढवला की वाद्याचा सांगाडा केसभर वाकतो आणि बाकीच्या तारा किंचित सैल होतात. वादक याला 'कॅबिनेट ड्रॉप' म्हणतात. सांगाडा तेवढाच वाकला तरी साधी सहावी तार वेढ्यांच्या तारेच्या सुमारे तिप्पट उतरते. शिवाय जाड साधी तार ताठर असल्याने तिचे वरचे संनादी किंचित चढे लागतात. वेढ्यांच्या तारेचा नाद सातव्या तारेशी अधिक जुळतो, मात्र तिच्यावर पोलादी तुकडा सरकताना खरखर ऐकू येते.

तिसऱ्या तारेची गोष्टही यातच आहे. तिची वारंवारता दुप्पट, म्हणून प्रतिबल चौपट : दर चौरस मिलिमीटरला सुमारे २००० न्यूटन. तुटण्याच्या मर्यादेजवळ असल्यामुळे वादकांची तीच तार वारंवार तुटते. जाड तार लावून तिची सुटका होत नाही, कारण जाडी हिशेबातून गळालेली आहे. आणि तिसरी व सहावी एकाच पेडलने एकदम अर्धा स्वर चढवायच्या असल्याने, सहावी साधी असेल तर कारागिराला एका टोकाला दुसऱ्याच्या चौपट हालचाल द्यावी लागते.

तेव्हा 'कोणती तार चांगली?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. चपळ पाय आणि पूर्ण स्वराची उतरण हवी असेल तर साधी, स्थिर स्वर आणि भरीव नाद हवा असेल तर वेढ्यांची. सतराव्या शतकातल्या कारागिराने वेढे दिले ते खालच्या स्वरासाठी. तार ओढल्यावर काय होईल, याचा विचार करण्याचे त्याला कारणच नव्हते. तार तीच राहिली, तिला विचारलेला प्रश्न बदलला, आणि तिचा एक गुण काहींना दोष वाटू लागला.

शाळेत सोनोमीटर असेल तर गिटारची एक साधी आणि एक वेढ्यांची तार आणून दोन्ही एकाच स्वरात लावाव्यात. मग खुंटी किती फिरवल्यावर अर्धा स्वर चढतो, ते मुलांना मोजू द्यावे. फक्त मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. चुकलेला अंदाज पुसू देऊ नये. खरे शिकणे तिथूनच सुरू होते, असा आमचा अनुभव आहे.