गिझरच्या पाइपमधून पाणी टपकतंय? तो पाइप बंद करू नका

गिझर लावला की दहा-पंधरा मिनिटांत खालच्या बारीक पाइपमधून टपटप सुरू होते. मग कुणी त्या पाइपच्या तोंडाला एम-सील लावतं, कुणी प्लंबरकडून एंड कॅप बसवून घेतं. टपकणं थांबतं, पण खरा धोका त्यानंतर सुरू होतो.

हा पाइप सेफ्टी व्हॉल्व्हचा असतो. थंड पाणी गिझरमध्ये जिथून शिरतं, तिथे हा व्हॉल्व्ह बसवतात. त्यातली झडप पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते, त्यामुळे गरम पाणी उलटं गच्चीवरच्या टाकीकडे जात नाही. आता पाणी तापलं की प्रसरण पावतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण ३५० मिलिलिटरने वाढतं. नळ बंद आणि मागची वाटही बंद, त्यामुळे दाब वाढतो. तो मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह थोडं थोडं पाणी बाहेर सोडतो. म्हणजे पाणी तापत असताना होणारं टपकणं बिघाड नाही.

हा पाइप बुजवला आणि नेमका थर्मोस्टॅटही बिघडला, तर? दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ते त्याच्याही वर तापत राहतं. टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. गिझरचा स्फोट होतो तो असा.

गिझर बंद असतानाही पाणी टपकत असेल, तर मात्र तपासणी हवी. बोअरचं पाणी असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकून तो नीट मिटत नसण्याची शक्यता जास्त. असा व्हॉल्व्ह बदललेलाच बरा. तो नवा घालूनही थांबलं नाही, तर इमारतीच्या पाण्याचा दाब बघा. टाकी १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे टाकीच्या २० मजले खाली राहणाऱ्यांकडे तो ६ बारच्या आसपास जातो, वर प्रेशर पंप असेल तर आणखी. गिझर किती बारचा आहे ते त्याच्या लेबलवर असतं, अनेकांवर ८ बार लिहिलेलं दिसेल. दाब जास्त निघाला तर लाइनवर पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

पाइपमधून वाफ किंवा उकळतं पाणी येत असेल, तर गिझरला हात लावू नका. एमसीबी पाडा, बाथरूममधून बाहेर या आणि मेकॅनिकला बोलवा.

पाणी पाइपमधून नाही तर गिझरच्या बॉडीखालून ठिबकत असेल, तर बहुतेक वेळा आतली टाकी गंजलेली असते. तिथे व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही.

टपकण्याने फरशी ओली होत असेल, तर व्हॉल्व्हला नळी जोडून ती उतरत्या दिशेने जाळीपर्यंत न्या. नळीचं तोंड मात्र उघडं ठेवा.