चिकनवरचा आरोप

पावसाळा लागला की पनवेलमध्ये शिह त्झू, पग, पॉमेरेनियन पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: दिवसभर पंजे चाटतो, रात्रभर खाजवत बसतो. सल्लाही ठरलेला: ‘चिकन उष्ण पडतं. बंद करा, दहीभात द्या.’ खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांत तो डॉक्टरांच्या आधी लिफ्टमध्येच मिळतो.

हे मत निव्वळ निराधार नाही. अन्नाची अ‍ॅलर्जी कुत्र्यांना होते आणि चिकनमुळेही होते. पण २०१६ साली मुलर, ऑलिव्हरी व प्रेलो या संशोधकांनी अशा २९७ कुत्र्यांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ असा क्रम लागला. आकडे बहुतांशी परदेशी ताटांतले आहेत, हे खरं. तरीही चिकनवर संशय घेणाऱ्याने दह्याला निर्दोष कोणत्या आधारावर ठरवलं?

दुसरा आक्षेप ऋतूचा. कुत्रा चिकन बारा महिने खातो आणि खाज मात्र पावसाळ्यातच सुटते. कारण बारमाही आणि कार्य हंगामी, हे जुळत नाही. पनवेलची दमट हवा मानवते ती पिसवांच्या अंड्यांना, कातडीवरच्या मॅलॅसेझिया यीस्टला आणि गादी-सोफ्यातल्या सूक्ष्म धूळकिड्यांना.

यावर उत्तर येतं, ‘पण बंद केल्यावर थांबली की!’ त्याच आठवड्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असतं, नाहीतर पाऊस ओसरलेला असतो. कावळा बसला आणि फांदी मोडली. हा शुद्ध काकतालीय न्याय.

‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ हे विधानही तपासून घ्यावं. पिसू-अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावे पुरतात, आणि चाटता-चावता पिसवा तो स्वतःच गिळून टाकतो. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

म्हणून क्रम असा असावा. आधी पिसवांचा बंदोबस्त: डॉक्टरांनी वजनानुसार दिलेलं औषध, तेही घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला आणि सलग काही महिने, कारण कोषातल्या पिसवा उशिरा बाहेर पडतात. अंथरूण गरम पाण्यात धुवावं. मग कातडीवरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतू किंवा यीस्टचा उपचार. सांगितलेला शाम्पू दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा. डेटॉलची अंघोळ नको. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ असते.

एवढ्यानेही खाज राहिली, तर अन्नाची परीक्षा. आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन, किमान आठ आठवडे. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, चवदार गोळीसुद्धा नाही. तरी फरक पडला नाही, तर धूळकिडे-परागांची अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅटॉपी समजावी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते आणि जन्मभर सांभाळावी लागते.

फरक पडला, तरी तो अर्धाच पुरावा. चिकन पुन्हा देऊन पाहावं. खाज परत उठली, तर ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांत मीही आहे.