घोडा कोणाचा?

गिंडी म्हटले की चेन्नईच्या जुन्या रहिवाशांना आधी घोड्यांच्या शर्यती आठवतात. त्या मैदानावर गुळगुळीत अंगाचे, उंची वंशाचे घोडे कित्येक पिढ्यांनी पाहिले. परंतु याच परिसराने एकदा निराळे घोडेस्वारही पाहिले होते. मार्च १७६९ च्या अखेरीस हैदरअली सहा हजार निवडक स्वारांनिशी गिंडीला लागून असलेल्या सेंट थॉमस माउंटपाशी, म्हणजे तमिळ लोकांच्या परंगिमलैपाशी, येऊन ठाकला. सुमारे १३० मैलांचे अंतर त्याने साडेतीन दिवसांत तोडले होते. मद्रासच्या इंग्रजांची गाळण उडाली आणि एप्रिलच्या आरंभी तह झाला. ही कथा सांगताना दौडीचे वर्णन रंगते. तहातील परस्पर साहाय्याच्या कलमाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. हैदरला ते कलम हवे होते ते उत्तरेकडील मराठ्यांच्या धास्तीपोटी. दोनच वर्षांनी, १७७१ मध्ये, चिनकुरळीला त्र्यंबकराव पेठ्यांनी त्याला धूळ चारली, तेव्हा इंग्रज मदतीला आले नाहीत ते नाहीतच.

घोड्यावर बसलेला माणूस जमिनीवरच्या माणसापेक्षा उंच दिसतो. त्यामुळेच की काय, त्याच्याभोवती दंतकथा लवकर जमते. अमेरिकेतील गुराखी, ज्याला चित्रपटांमुळे सारे जग ‘काउबॉय’ म्हणून ओळखते, हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. एकटा, स्वतंत्र, कोणाचाही चाकर नसलेला, कमरेला पिस्तूल आणि डोळ्यांपुढे क्षितिज, असे त्याचे चित्र आपल्या मनावर ठसले आहे. प्रत्यक्षात तो महिना पंचवीस ते चाळीस डॉलरांवर राबणारा मजूर होता. टेक्सासमधील गुरे कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत दिवसाला दहा-पंधरा मैल या गतीने धूळ खात हाकत नेणे हे त्याचे काम. या कामावर कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे लक्षणीय संख्येने होती. लासो, रँच, रोडिओ हे शब्दच मुळी स्पॅनिश भाषेतून आलेले आहेत. खोगीर बहुधा त्याचे स्वतःचे असे, घोडा मात्र मालकाचा. १८८३ मध्ये टेक्सासच्या काही गुराख्यांनी पगारवाढीसाठी चक्क संप केला. त्याच वर्षी बफेलो बिलने आपला ‘वाइल्ड वेस्ट’चा खेळ उभा केला आणि लोकांनी तिकिटे काढून दंतकथा पाहायला सुरुवात केली. १८७४ च्या पेटंटनंतर पसरलेले काटेरी तारेचे कुंपण आणि १८८६-८७ चा गुरे मारणारा हिवाळा यांनी खरा धंदा वीसेक वर्षांतच आटोपला. खेळ मात्र अजून चालू आहे.

मराठी मनातही असा एक स्वार आहे. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात भाला, घोड्याच्या पाठीवरच भाजलेले कणीस चोळून खाणारा, रात्रीत पन्नास कोस तोडणारा. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतामुळे भीमथडीची तट्टे शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही ठाऊक असतात. हे चित्र खोटे नाही. चपळाई खरीच होती आणि त्या ठेंगण्या, काटक तट्टांचा चिवटपणाही खरा होता. परंतु अमेरिकन गुराख्याला विचारावा तो प्रश्न या स्वारालाही विचारायला हवा: घोडा कोणाचा?

याचे उत्तर देणारा ग्रंथ गिंडीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर लिहिला गेला, हा योगायोग मोठा गोड आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीच्या किल्ल्यात १६९७ च्या सुमारास आपली बखर सिद्ध केली. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था त्याने ज्या बारकाईने नोंदवली आहे, ती वाचताना कवी नव्हे, कारकून बोलतो आहे असे वाटते; आणि तेच तिचे मोल आहे. स्वार दोन प्रकारचे. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, आणि ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचे तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पोवाड्यात न येणारी दोन माणसे, एक पाणी वाहणारा आणि एक नाल ठोकणारा, नसतील तर पोवाड्यातील पंचवीस वीर जागच्या जागी उभे राहतील. शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवले होते, कारण स्वतःच्या घोड्यावर बसलेला माणूस उद्या स्वतःच्या मर्जीने निघून जाऊ शकतो, हे महाराज पुरते ओळखून होते. पावसाळ्याचे चार महिने छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी. निघताना प्रत्येकाच्या सामानाची याद होई, परतल्यावर झडती होई, आणि यादीबाहेरची चीज सापडली तर ती सरकारजमा करावी लागे किंवा पगारातून तिची वजावट होई. लुटीच्या मोहरा उधळीत घरी येणारा स्वार कादंबरीत शोभतो. शिवकालीन पागेत त्याची गाठ आधी हिशेबनिसाशी पडली असती.

चिपळूणजवळील छावणीतल्या अंमलदारांना महाराजांच्या नावे गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, ही त्यातील आज्ञा सर्वांना पाठ असते. पण ते पत्र मुळात आहे दाणावैरणीसंबंधी. पावसाळ्यासाठी घोड्यांची चंदी आणि गवत मोठ्या खटाटोपाने साठवलेले आहे. ते आताच बेहिशेब उडवले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा सूर आहे. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि मोगल परवडले असे त्या बिचाऱ्याला वाटू लागेल. पुढे तर छावणीतल्या आगीची चिंता आहे. गवताच्या गंजी, गवताच्याच खोपी, त्यात कोणी चूल पेटवतो, कोणी चिलीम ओढतो, कोणी दिवा तसाच ठेवून झोपतो आणि उंदीर पेटती वात ओढून नेतो. उंदराने नेलेल्या वातीपर्यंत ज्याची नजर पोहोचते त्या राज्यकर्त्याचे मोठेपण कोणत्याही अश्वारूढ पुतळ्यात मावत नाही. एका सबंध सैन्याचे भवितव्य वाळल्या गवताच्या गंजीवर अवलंबून होते, ही गोष्ट त्या पत्राइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे आढळते.

कर्नाटकच्या स्वारीत, मे १६७७ मध्ये, महाराज मद्रासच्या आसपास आले होते. येथील काळिकांबाळ मंदिरातील फलक त्यांनी दर्शन घेतल्याचे सांगतो आणि चेन्नईतील मराठी कुटुंबे तेथे श्रद्धेने जातात. इंग्रजांच्या दप्तरात त्या महिन्याची नोंद आहे ती निराळी: महाराजांच्या वकिलाने विषावरचे उतारे आणि काही औषधी मागितल्या. पुढे तोफा-सुरुंगांचे जाणकारही मागण्यात आले. औषधे मिळाली, जाणकार देण्यास इंग्रजांनी गोड शब्दांत नकार दिला.

खरी कसोटी लागली ती जिंजीच्या वेढ्यात. सप्टेंबर १६९० मध्ये झुल्फिकारखान किल्ल्याखाली येऊन बसला आणि किल्ला पडायला १६९८ साल उजाडले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांची कीर्ती याच काळातली. मोगलांचे घोडे पाणी पिताना बुजले की त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय, असे विचारीत, ही दंतकथा आजही आवडीने सांगितली जाते. डिसेंबर १६९२ मध्ये संताजीने कांचीपुरमच्या बाजूला अलीमर्दानखानाला कैद केले, मोगली छावणीची रसद तुटली आणि वेढा घालणारेच वेढले गेले. त्या छावणीत वावरलेल्या भीमसेन सक्सेनाने ते टंचाईचे दिवस आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहेत. घोडदळाचे खरे शस्त्र भाल्याइतकेच शत्रूच्या धान्याच्या गाड्या अडवण्याची ताकद हे होते. आणि पाण्यात जोडीने दिसणारे ते दोघे? प्रत्यक्षात त्यांचे बिनसले. संताजीची कडक शिस्त अनेकांना जाचत होती, राजाराम महाराजांचेही मन त्याच्याविषयी कलुषित झाले, १६९६ मध्ये हे दोन सेनानी समोरासमोर लढले आणि १६९७ मध्ये संताजी मारला गेला तो मोगलांच्या तलवारीने नव्हे, जुन्या वैराने पेटलेल्या नागोजी मान्याच्या हातून. दंतकथेने त्यांची जोडी अभंग ठेवली, हे तिचे औदार्यच म्हणायचे.

याच वर्षांत आणखी एक बदल झाला, त्याची मात्र गाणी झाली नाहीत. खजिना रिकामा होता. माणसे टिकवायची तर वतने आणि सरंजाम देण्यावाचून गत्यंतर नव्हते. पागेचा बारगीर मागे पडू लागला आणि सरदाराच्या मागे चालणारा शिलेदार पुढे आला. शिलेदाराचा घोडा हीच त्याची शेतीवाडी, हीच त्याची पुंजी. तो पडला की घरदार पडले. असा स्वार घोड्याला गोळीच्या तोंडी देताना दहा वेळा विचार करणार. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी आपला सारा संसार पणाला लावून एकदा पाहावा. पानिपतावर १७६०-६१ च्या हिवाळ्यात वैरण तुटली तेव्हा लढाईच्या आधी जनावरे गेली, आणि जनावरांबरोबर असंख्य शिलेदारांची उपजीविकाही गेली.

जिंजीचा तमिळ वीरनायक देसिंगराजा याची कथाही याच जातीची. पोवाड्यात तो आभाळातून उतरल्यासारख्या घोड्यावर मांड टाकतो. इतिहासातला तेजसिंग बुंदेला वीस-बावीस वर्षांचा तरुण होता आणि अर्काटच्या नवाबाशी त्याचा तंटा थकलेल्या वसुलीवरून होता. ऑक्टोबर १७१४ मध्ये तो लढता लढता पडला. शौर्य खरेच होते. भांडण खंडणीचे होते.

१८१८ नंतर पेशव्यांचे स्वार पांगले. काही नांगराकडे वळले, काही कंपनीच्या नव्या पलटणींत शिरले; पूना हॉर्स उभी राहिली ती १८१७ च्या तहातून. इंग्रजांनी शिलेदारी पद्धत हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली, कारण ती सरकारला स्वस्त पडे. घोड्याचे पैसे स्वाराने भरायचे, म्हणजे बहुधा कर्ज काढून.

पुतळ्यांनी हे सारे विसरायला लावले. चेन्नईतच थॉमस मन्रोचा १८३९ चा पुतळा पाहावा: खोगीर नाही, रिकीब नाही, आणि साहेब ऐटीत बसलेले आहेत! घोड्याचे किती पाय उचललेले यावरून स्वाराला मरण कसे आले ते ओळखावे, ही समजूतही अशीच निराधार, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भाषेने मात्र पागेची आठवण राखली. तोबरा भरणे, खरारा करणे, घोडामैदान जवळ असणे, कामापुरती माणसे न मिळाल्यावर केलेली खोगीरभरती, हे सारे बोल तबेल्यातून आलेले आहेत. मोतद्दाराने आणि नालबंदाने घडवलेली ही मराठी आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी. चेन्नईहून सकाळी निघालेली कुटुंबे राजगिरी चढून दुपारपर्यंत खाली येतात. पायथ्याशी कल्याणमहालाच्या जवळ धान्याची कोठारे आणि तबेल्यांच्या कमानींची लांब रांग उभी आहे. चढायच्या आधी तिथे थोडा वेळ थांबावे. ऊन तोवर फारसे चढलेले नसते.